मदत हवी आहे : आक्षेप पार्किंगला आहे की धर्माला, हे ओळखायचं कसं?

मंडळी, मशिदींच्या बांधकामाला होणाऱ्या विरोधावर एका वादसभेची तयारी करतोय, आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

स्वित्झर्लंडचं उदाहरण त्यातल्या त्यात सोपं. 2009 च्या सार्वमतात 57.5 टक्के मतदारांनी नव्या मिनारांवर बंदी घातली, तीही देशात जेमतेम चार मिनार असताना! सरकार आणि संसद, दोघांचाही बंदीला विरोध होता. तिथे पार्किंगचं निमित्त कोणी पुढे केलं नव्हतं.

गुंता होतो तो अमेरिकेत. टेनेसीतल्या मर्फ्रीसबरोला नव्या मशिदीच्या विरोधकांनी 2010 साली कोर्टात तक्रार केली की बांधकामाच्या परवानगीच्या बैठकीची जाहीर सूचना नीट दिली नव्हती. नियमाचा मुद्दा, ठीक. पण त्याच खटल्यात इस्लाम हा धर्मच नाही, असंही मांडलं गेलं. शेवटी केंद्रीय न्याय खात्याला तो धर्म आहे हे लेखी सांगावं लागलं. (हसावं की रडावं?) मशीद 2012 मध्ये उघडली.

पण रहदारी, आवाज यांचे आक्षेप खरेही असू शकतात. गर्दीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला द्वेष्टा ठरवणं मला पटत नाही.

त्याच रस्त्यावर चर्च किंवा सभागृह बांधताना हेच नियम लावले होते का, एवढी कसोटी पुरेशी आहे का? विरोधकांची भाषणं, पत्रकं पुरावा म्हणून धरावीत का? नगररचना किंवा कायद्यात काम करणाऱ्यांनी कृपया सांगा. एखादा युरोपीय निकाल सुचवलात तर सोन्याहून पिवळं. पक्षांची भांडणं मात्र इथे नकोत.