मदत हवी: फ्रँकफर्ट ते म्युनिक, पाच जण, रीजनल गाड्या – बायर्न तिकीट की डॉइचलांड तिकीट?

पळापळ
पाच मित्र, १४ ते १७ मे २०२६. फ्रँकफर्ट – व्युर्त्सबुर्ग – रोटेनबुर्ग – न्युर्नबर्ग – रेगेन्सबुर्ग – म्युनिक. आयसीई (लांब पल्ल्याची जलद गाडी) महाग दिसतेय, त्यामुळे रीजनल गाड्यांनीच जायचंय. पाच जणांचं बायर्न तिकीट (बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्यात दिवसभर चालणारं) घ्यायचं की प्रत्येकी डॉइचलांड तिकीट (देशभर चालणारं)? रेल्वेचं ॲप दर वेळी वेगळंच दाखवतं. आज रात्री बुक करायचंय, लवकर सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत.

सांधेवाला
पाचही जण भारतातून येताय की कोणी तिकडेच राहतं? जर्मन बँक खातं कोणाकडे आहे? सामान किती? हॉटेलं ठरली का? हे कळल्याशिवाय "हे घ्या, ते घ्या" म्हणण्यात अर्थ नाही.

खिडकीची_जागा
यात विचारण्यासारखं काय आहे? पाच जण म्हणजे बायर्न तिकीट. एका तिकिटावर पाच डोकी, बायर्नमधल्या सगळ्या रीजनल गाड्या, एस-बान (लोकल गाड्या), शहरातल्या ट्राम-बससुद्धा. एका माणसाची मूळ किंमत आणि पुढच्या प्रत्येकाची थोडी भर. पाच जणांत डोईमागे इतकं कमी दुसरं काही मिळणार नाही. विषय संपला.

सांधेवाला
नाही संपला. फ्रँकफर्ट हेसेन राज्यात आहे, बायर्नमध्ये नाही. आशाफेनबुर्गच्या पुढे बायर्नची हद्द संपली की बायर्न तिकीट चालत नाही. त्यांचा पहिलाच प्रवास तिथून आहे.

पळापळ
हो ते सांगायचं राहिलं. दोघं इथेच एमएस करतोय, आमच्याकडे डॉइचलांड सेमेस्टर तिकीट आहे. तिघं पुण्याहून येतायत. त्याने काही फरक पडतो का?

सांधेवाला
सगळाच फरक पडतो. सेमेस्टर तिकीट देशभर रीजनल गाड्यांत चालतं, म्हणजे तुम्हा दोघांना काहीच घ्यायचं नाही. विद्यार्थी ओळखपत्र आणि फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र जवळ ठेवा. प्रश्न फक्त तिघांचा.

डॉइचलांड तिकीट आता महिन्याला ६३ युरो. ४९चे दिवस गेले, २०२५ मध्ये ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. तिघांचे १८९. चार दिवसांत वाटले तर दिवसाला सव्वासत्तेचाळीस. ॲपमध्ये तीन प्रवाशांचं बायर्न तिकीट टाका. रोजची किंमत याच्या खाली आली तर बायर्न तिकीट, वर गेली तर डॉइचलांड. प्रवासाचे दिवस चारऐवजी तीनच असतील तर तिनाने भागा, ६३ येतील. तेवढा हिशोब करून मग बोला.

खिडकीची_जागा
पाच जणांचं घेतलं तर डोईमागे अजून स्वस्त पडेल की.

सांधेवाला
ज्या दोघांचा प्रवास आधीच फुकट आहे त्यांना हिशोबात धरलं की डोईमागे आकडा उतरणारच. खिशातून जाणारी एकूण रक्कम मात्र वाढते.

माइनकाठ
डॉइचलांड तिकिटाची एक मेख कोणीच सांगितली नाही. ते एकदाच घ्यायचं तिकीट नसून मासिक वर्गणी आहे. चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. म्हणजे तुमचे मित्र विमानात बसायच्या आधीच रद्द करायला हवं. रद्द केल्यावरही मे अखेरपर्यंत चालतं, घाबरू नका. शिवाय बरेच विक्रेते जर्मन किंवा युरोपातल्या बँक खात्यातून थेट वसुली मागतात. भारतीय क्रेडिट कार्ड घेणारेही आहेत, पण पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन खात्री करा. तिकीट ज्याच्या नावावर त्याच्याच फोनमध्ये, एकाचं दुसऱ्याला देता येत नाही.

युरोपायन
तिघं भारतातून येतायत ना? मग जर्मन रेल पास घ्या. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीच आहे तो. आयसीईसुद्धा चालते, जागा आरक्षित करायची सक्ती नाही. दोघांचा मिळून ट्विन पास स्वस्त पडतो. लोक उगाच रीजनलमध्ये हाडं मोडून घेतात.

माइनकाठ
ट्विन दोघांचा असतो, हे तिघं आहेत. आणि आयसीईत ते बसले तर सेमेस्टर तिकीटवाले दोघं कुठे बसणार? त्यांचं तिकीट या मार्गावर आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी कशातच चालत नाही. मित्र म्हणून निघालेत आणि स्टेशनावर भेटणार.

हायवेवाला
गाडी भाड्याने घ्या. स्वातंत्र्य. भारतीय लायसन्स सहा महिने चालतं, सोबत इंटरनॅशनल परमिट ठेवा. रोटेनबुर्गला ट्रेनने जाणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

सांधेवाला
ट्रेनबद्दल विचारलंय दादा. पाच माणसं, तिघांच्या विमानाच्या बॅगा, आणि जुन्या गावात पार्किंग. तो धागा वेगळा काढा.

पळापळ
मोठ्या बॅगा तीन. हॉटेलं बुक आहेत, परत पैसे मिळत नाहीत: गुरुवारी रात्री व्युर्त्सबुर्ग, शुक्रवारी न्युर्नबर्ग, शनिवारी म्युनिक. रविवारी रात्री तिघांचं विमान म्युनिकहून. गुरुवारी सकाळी साडेसहाला ते फ्रँकफर्टला उतरतात. आता सांगा. १०चं माहीत नव्हतं, आज ६ तारीख आहे.

सांधेवाला
आता बोलता येईल. एकेक दिवस घेतो.

गुरुवार १४ मे म्हणजे ख्रिस्टी हिमेलफार्ट (येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस), सगळ्या राज्यांत सुट्टी. याचे तीन परिणाम. पहिला फायद्याचा: बायर्न तिकीट आणि देशभर चालणारं क्वेअर डुर्ख्स लांड तिकीट, दोन्ही कामाच्या दिवशी सकाळी ९ पासून लागू होतात, पण सुट्टीच्या दिवशी रात्री १२ पासूनच. त्यामुळे साडेसहाला उतरले तरी लगेच निघता येईल. दुसरा: दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांतली चालू असतात, तिथूनच पाणी-ब्रेड घ्या. तिसरा त्रासाचा: जर्मनीत हाच दिवस फाटरटाग, बाप लोकांचा दिवस. बिअरच्या पेट्या घेऊन पुरुषांचे घोळके बाहेर पडतात आणि दुपारनंतर रीजनल गाड्या भरतात. सकाळी नऊ-दहाच्या आत व्युर्त्सबुर्गची गाडी पकडा. विमानतळाच्या रीजनल स्टेशनातून एस८ किंवा एस९ ने फ्रँकफर्ट हाउप्टबानहोफ (मुख्य स्टेशन), तिथून आरई (रीजनल एक्सप्रेस) ५४ किंवा ५५. हानाउ, आशाफेनबुर्ग, व्युर्त्सबुर्ग, दोनेक तास.

तिघांसाठी त्या दिवशी दोन पर्याय: तीन जणांचं क्वेअर डुर्ख्स लांड, किंवा विमानतळ ते आशाफेनबुर्ग साधी तिकिटं आणि पुढे बायर्न तिकीट. दोन्हींची बेरीज करून बघा. क्वेअर डुर्ख्स लांड शहरातल्या ट्राम-बसमध्ये चालत नाही, पण व्युर्त्सबुर्गला स्टेशनापासून रेसिडेन्स राजवाडा पायी पंधरा मिनिटं आहे, अडत नाही.

युरोपायन
फ्रँकफर्ट विमानतळावरून व्युर्त्सबुर्गला थेट आयसीई आहे. सुपर श्पारप्राइस (सवलतीचं आयसीई तिकीट) बघा, रीजनलच्या जवळपास येईल.

माइनकाठ
श्पारप्राइसला त्सुगबिंडुंग असते, म्हणजे तीच गाडी, तीच वेळ. रेल्वेमुळे मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ती अट सुटते. विमानाला उशीर झाला, बॅग पट्ट्यावर आली नाही, तर सुटत नाही. तिकीट वाया. उतरल्या उतरल्या अशा तिकिटावर जाऊ नये. परतीला विमानतळाकडे जाताना एक वेळ ठीक.

आणि उलट बाजूही ऐका. रीजनल गाडी चुकली तर "उशीर झाला" म्हणून आयसीईत चढता येतं असं कोणी सांगेल. बायर्न, क्वेअर डुर्ख्स लांड, डॉइचलांड या सवलतीच्या तिकिटांना ती मुभा नाही.

सांधेवाला
शुक्रवार. इथे लोक फसतात. सुट्टी आणि शनिवार-रविवार जोडणारा 'पूल' म्हणून अख्खा देश रजेवर असतो, पण शुक्रवार कायद्याने सुट्टी नाही. बायर्न तिकीट ९ वाजताच लागू होणार. ८:४०च्या गाडीत बसून "पाच मिनिटांत नऊ वाजतील" हे चालत नाही, ६० युरो दंड. लवकर निघायचंच असेल तर ९ नंतर गाडी ज्या पहिल्या स्टेशनावर थांबते तिथपर्यंतचं साधं तिकीट वेगळं काढा. तिकिटावर तिन्ही प्रवाशांची नावं हवीत, ओळखपत्राशी जुळणारी. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको.

बॅगा घेऊन रोटेनबुर्ग करू नका. व्युर्त्सबुर्ग – श्टाइनाख – रोटेनबुर्ग हा रस्ता नकाशावर सरळ दिसतो, पण पुढे सगळं गाव दगडी फरशीचं, चाकाच्या बॅगा ओढताना हात भरून येतात. आधी व्युर्त्सबुर्गहून न्युर्नबर्ग, सव्वा तासाच्या आसपास. हॉटेलात बॅगा टाका, खोली नंतर मिळाली तरी सामान ठेवून घेतात. मग मोकळ्या हाताने न्युर्नबर्ग – आन्सबाख – श्टाइनाख – रोटेनबुर्ग. दोन बदल आहेत. श्टाइनाखची छोटी गाडी तासाला एक, ती चुकली की एक तास फलाटावर. ॲपमध्ये गाडी बदलायची किमान वेळ १० मिनिटं लावा, नाहीतर ते सहा मिनिटांची जोडणी खुशाल दाखवतं. परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा. दिवसभराच्या तिकिटात जादा किलोमीटरला पैसे पडत नाहीत, उलटसुलट जायला हरकत नाही.

शाकंभरी
रोटेनबुर्गला श्नेबॉल नक्की खा. शाकाहारी आहात का? ब्रेझेलच्या पिठात कधी कधी डुकराची चरबी असते, "श्माल्त्स" शब्द दिसला की विचारा. अंडं खात असाल तर केझेश्पेत्स्ले चालेल. ओबात्स्डा पण चालेल, ते चीज आहे.

पळापळ
खाण्याचं नंतर ताई. शनिवारचं राहिलं. न्युर्नबर्ग ते रेगेन्सबुर्ग ॲप बस दाखवतंय, ते बिघडलंय का?

माइनकाठ
ॲप बरोबर आहे. न्युर्नबर्ग–रेगेन्सबुर्ग मार्गाची पूर्ण दुरुस्ती चालू आहे, फेब्रुवारी ते जुलै २०२६ बंद. फ्रँकफर्ट–मानहाइमच्या रीडबानपासून २०२४ मध्ये हा प्रकार सुरू झाला: महिनोनमहिने मार्ग बंद ठेवून सगळं एकदम बदलायचं. बस म्हणजे शीनेनएरझात्सफेरकेअर (गाडीऐवजी बदली सेवा), फलाटावर नुसतं एसईव्ही लिहिलेलं असतं. तुमचं तिकीट त्यात चालतं. पण तीन मोठ्या बॅगा घेऊन बसची रांग नको.

खिडकीची_जागा
मग रेगेन्सबुर्ग सोडा, बाम्बेर्ग करा. न्युर्नबर्गहून तासाच्या आत. जागतिक वारसा १९९३ पासून, रेगेन्सबुर्गला तो मान २००६ मध्ये मिळाला. शिवाय राउखबिअर (धुरकट चवीची बिअर).

सांधेवाला
वारसा कोणाला आधी मिळाला यावर गाडी धावत नाही. पण बाम्बेर्ग सोयीचं आहे हे खरं: बॅगा न्युर्नबर्गलाच राहतात, दुपारी परत येऊन आरई १ ने इंगोलश्टाट मार्गे म्युनिक, पावणेदोन तासांच्या आसपास. ही रीजनल गाडी द्रुतगती मार्गावरून धावते आणि तुमचं तिकीट तिच्यात चालतं.

रेगेन्सबुर्गच हवं असेल तर दोन वाटा. एक, न्युर्नबर्ग – इंगोलश्टाट, तिथून आगिलिस कंपनीची गाडी रेगेन्सबुर्ग. दोन, श्वांडोर्फ मार्गे आरई ४०. दुसरीत काळजी घ्या: न्योइकिर्शेनला गाडी दोन भागांत तुटते, एक भाग श्वांडोर्फकडे, दुसरा वायडेनकडे. डब्याच्या दारावरचा फलक वाचून चढा. पाच जण दोन डब्यांत विखुरलात तर दोन गावी उतराल. रेगेन्सबुर्ग स्टेशनात लॉकर आहेत, सुटी नाणी ठेवा, मोठे लॉकर शनिवारी लवकर भरतात. तिथून म्युनिक लांड्सहूट मार्गे दीड तास.

पळापळ
म्हणजे गुरुवारी क्वेअर डुर्ख्स लांड, शुक्रवार-शनिवार-रविवार तिघांचं बायर्न तिकीट. रविवारी म्युनिकमध्येच फिरायचंय आणि विमानतळ. बाम्बेर्ग करतो. आरक्षण लागतं का?

माइनकाठ
रीजनल गाड्यांत तुमच्या मार्गावर लागत नाही. शनिवारी सकाळी फलाटाच्या मधोमध गर्दी करू नका, टोकाचे डबे रिकामे असतात. रविवारी निघताना एवढंच: एस१ ने गेलात तर नॉयफार्नला गाडी तुटते. मागचे डबे विमानतळाला, पुढचे फ्रायझिंगला. एस८ तुटत नाही, बॅगा असतील तर तीच बरी.

हायवेवाला
गाडी घेतली असती तर यातलं काहीच लागलं नसतं.

शाकंभरी
बाटल्या टाकू नका रे. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट परत मिळतात, काचेच्या बिअरच्या बाटलीवर ८. पाच जणांच्या रोजच्या पाण्याच्या बाटल्यांचा हिशोब करा.

पळापळ
तिकिटं काढली. गुरुवारी वेगवेगळी काढण्यापेक्षा क्वेअर डुर्ख्स लांड सोयीचं वाटलं. माझ्या नावावर काढता येईल का? प्रवासी तेच तिघं.

सांधेवाला
पैसे कोणीही भरावेत. प्रवासी म्हणून तिकिटावर त्या तिघांचीच नावं हवीत. तुमचं पडलं असेल तर ते बदलता येतं का हे आत्ताच बघा, गाडीत बसल्यावर नाही.