मोटरखाना: मायलेकी पहिल्यांदाच उतरणार आहोत, सल्ला हवा (सिडनी)

प्राजक्त_वेस्टमीड:
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीबरोबर ईस्टर्न क्रीकच्या स्किडपॅनवर (गाडी घसरवून सराव करायचं मैदान) एका कार क्लबचा मोटरखाना बघायला गेले होते, म्हणजे काठ्यांभोवती ठरलेल्या वाटेने एकेकट्या गाडीची घड्याळाशी शर्यत. बरोबर लेक होती, वय १४. फ्लॅगभोवती (त्या काठ्यांना फ्लॅग म्हणतात) एकेक गाडी गिरक्या घेत होती आणि लेक दिवसभर कुंपणाला चिकटून उभी. घरी आल्यावर पहिला प्रश्न, "आई, मला कधी?" आणि खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. क्लबवाल्यांनी सांगितलं की १२ वर्षांपासून भाग घेता येतो. इथे लर्नर परवाना १६ ला मिळतो, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं.

आमची गाडी २००९ ची स्विफ्ट, मॅन्युअल, रोज स्टेशनला नेते तीच. तिला काय करून घ्यावं लागेल? टायर खराब होतील का? विम्याचं काय? आणि मुख्य म्हणजे प्रत्येक फेरीच्या वाटेचे ते नकाशे लक्षात कसे ठेवायचे? अहोंचा विरोध नाही, पण काळजी आहे.

खडकीचा_गियर:
ताई, जरूर उतरा. मी सहा वर्षं करतोय, सुरुवात बायकोच्या जुन्या कोरोलावर केली. स्विफ्ट तर या खेळाला फार चांगली: हलकी, आखूड आणि हँडब्रेक तारेचा. आखूड वळणाला हँडब्रेक ओढून गाडी फिरवतात, त्यामुळे बटणवाला इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या नव्या गाड्यांना तिथेच अडतं.

आधी विम्याचं, कारण ते लोक शेवटी विचारतात. तुमची रोजची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी अशा स्पर्धेत लागू होत नाही, पीडीएस (पॉलिसीच्या अटींचं पुस्तक) काढून वाचा. क्लबच्या परमिटबरोबर जो विमा येतो तो माणसांसाठी, तुमच्या पत्र्यासाठी नाही. पण एका वेळी मैदानावर एकच गाडी असते, गियर पहिला नाहीतर दुसरा, आणि आपटलं तर प्लास्टिकच्या काठीवर. सहा वर्षांत माझ्या गाडीला दोन ओरखडे आले, तेवढेच.

स्पर्धेच्या परवान्यासाठी मोटरस्पोर्ट ऑस्ट्रेलियाचं (जुनं कॅम्स, २०२० मध्ये नाव बदललं) संकेतस्थळ बघा. काही क्लब एका दिवसापुरती सोयही देतात. प्रत्येक कार्यक्रमाचे 'सप रेग्ज' (त्या दिवसाचे खास नियम) येतात, ते नीट वाचा. हेल्मेट, कपडे, वयाची अट सगळं त्यात असतं. मी स्वतः सुती, पूर्ण बाह्यांचेच कपडे घालतो.

आता नकाशा. नवे लोक वेगाच्या नादात जातात आणि खरा मार खातात तो वाट चुकण्याने. फ्लॅगला धक्का लागला तर पाच सेकंद वाढतात, ते भरून काढता येतात. उलट्या बाजूने गेलात तर ती टेस्टच (एका नकाशाची फेरी) गेली. म्हणून पहिल्या दिवशी एकच ध्येय ठेवा: सगळ्या टेस्ट बरोबर वाटेने पुऱ्या करायच्या. एवढं केलंत तरी निकालात निम्म्या नवख्यांच्या पुढे असाल.

मैदान चालून बघायला देतात तेव्हा गप्पा मारत चालू नका. एकट्याने चाला, गाडी जिथे वळेल तिथेच वळा, प्रत्येक फ्लॅगपाशी थांबून पुढचा फ्लॅग नजरेने शोधा. गाडीत बसल्यावर सगळं वेगळं दिसतं, कारण डोळे खाली आलेले असतात आणि सगळ्या काठ्या सारख्याच वाटतात. त्यामुळे काठीपलीकडची खूण धरा: दिव्याचा खांब, शेड, तंबू.

उलट_सुलट:
नकाशासाठी माझी पद्धत सांगते. "क्लॉकवाइज, अँटिक्लॉकवाइज" हे आयत्या वेळी माझ्या डोक्यात शिरत नाही. मी प्रदक्षिणा म्हणते. देवळात जशी घालतो तशी, म्हणजे फ्लॅग उजव्या हाताला, ती सुलट. दुसरी ती उलट. मग पूर्ण टेस्ट विणकामासारखी पाठ होते: एक सुलट, दोन उलट, गराज (काठ्यांनी आखलेली, गाडी आत घालायची चौकट), रिव्हर्स, एक सुलट, घरी.

याचा आणखी एक फायदा आहे. इथे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे सुलट फ्लॅग तुमच्या खिडकीशी येतो आणि अगदी खेटून जाता येतं. उलटा फ्लॅग पलीकडच्या दाराशी असतो, दिसत नाही, अंदाज हुकतो. तिथे सुरुवातीला हातभर जास्त जागा सोडा.

ग्रीसवाला_बंड्या:
गाडीचं मी सांगतो. हँडब्रेकची तार गॅरेजमध्ये ताणून घ्या, दोन्ही मागची चाकं सारखी जखडली पाहिजेत. बॅटरी हलत नाही ना बघा, तपासणीत पहिलं तेच हलवून बघतात. चाकांच्या टोप्या काढा. डिकी, डॅशबोर्ड, सीटखालचं सगळं घरी: छत्री, पाण्याच्या बाटल्या, नाणी. एक सुटी बाटली ब्रेकखाली गेली की काय होईल ते सांगायला नको.

टायर: पुढे रोज ३२ पीएसआय भरत असाल तर ३८ पर्यंत न्या, नाहीतर आखूड वळणावर टायर कडेवर लोळतो. कडेला खडूच्या रेघा मारा. फेरीनंतर खडू कुठवर पुसलाय ते बघा: कडेपर्यंत पुसला तर हवा कमी आहे. मागे थोडी आणखी भरा, ढुंगण सहज फिरतं. स्किडपॅन ओला असेल तर टायर फारसे झिजत नाहीत. कोरड्या डांबरावर मात्र एका दिवसात पुढच्या टायरचं आयुष्य दिसण्याइतकं कमी होतं, हे धरून चाला. घरी जाताना हवा पूर्ववत करायला विसरू नका.

पुणे_३०:
सल्ला नाही, पण राहवत नाही म्हणून. मोटरखाना म्हणजे मोटर अधिक जिमखाना, आणि जिमखाना आपल्याकडचाच. मूळ गेंदखाना असावा असं मानतात. डेक्कन जिमखान्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याला हा शब्द सिडनीत गाड्यांवर लागलेला बघून फार बरं वाटलं. आपल्याकडे याच्या जवळचा प्रकार ऑटोक्रॉस. तो जास्त वेगाचा, त्यामुळे घरची गाडी घेऊन मुलीसकट उतरणं इथे सोपं नाही. तुम्हाला मिळतंय तर सोडू नका.

प्राजक्त_वेस्टमीड:
सगळ्यांचे मनापासून आभार. सुलट-उलट लेकीला लगेच पटलं, जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून बोट फिरवतेय. दोन प्रश्न: हँडब्रेक टर्न पहिल्या दिवशी करावा का? आणि लेकीने कधीच क्लच दाबलेला नाही. रविवारी दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवू का?

दोन_मुलांची_आई:
पार्किंगमध्ये मुळीच नको! रिकामं असलं तरी लोकांना खुलं असलेलं पार्किंग न्यू साउथ वेल्समध्ये रस्त्यासारखंच धरतात, आणि परवाना नसलेल्या मुलाला तिथे चाक धरता येत नाही. आम्ही ओळखीच्यांच्या शेतावर, खाजगी जागेत शिकवलं. पहिला तास फक्त क्लच: ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी हलवायची आणि थांबवायची. दहा-वीस वेळा इंजिन बंद पडेल, पडू द्या. मग पहिल्या गियरमध्ये दोन बादल्यांभोवती आठ काढायचा. मग रिव्हर्स.

माझा मुलगा १३ व्या वर्षी उतरला. आमच्या क्लबात त्याच्या शेजारी परवाना असलेला मोठा माणूस बसणं सक्तीचं होतं. तुम्ही बसणार असाल तर एक विनंती. आधीच ठरवा की मधे सूचना द्यायच्या नाहीत, फक्त "थांब" हा एकच शब्द. मी पहिल्या फेरीला "डावीकडे, डावीकडे" ओरडले आणि तो बरोबर जात असताना माझ्यामुळे चुकला. मला अजून वाईट वाटतं.

खडकीचा_गियर:
हँडब्रेक तुम्ही करा, लेकीने पहिल्या दिवशी नको. क्रम असा: दुसऱ्यातून पहिल्यात येऊन वेग कमी, क्लच दाबा, स्टिअरिंग वळवा, मग बटण दाबून धरूनच हँडब्रेक झटक्यात ओढा. मागचा भाग फिरला की सोडा, क्लच सोडा, गॅस. बटण सुटलं तर हँडब्रेक वरच अडकतो. ईएसपीचं (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बटण असेल तर ती बंद करा. आणि दोघींनी एकच गाडी चालवायची तर एंट्रीच्या अर्जात तसं लिहा. मग दोन फेऱ्यांमध्ये सीट पुढे-मागे करायला वेळ मिळेल असा क्रम लावतात.

प्राजक्त_वेस्टमीड:
काल झालं! सहा टेस्ट होत्या. माझ्या दोन चुकल्या, एकदा गराजमध्ये शिरायच्या आधीच उलट गेले. लेकीच्या सहाही बरोबर. तीन काठ्या पाडल्या, चार वेळा इंजिन बंद पडलं, वेळ माझ्यापेक्षा बरीच जास्त, पण एकही वाट चुकली नाही. फेरीभर ओठ हलत होते, "सुलट, उलट, उलट". मी शेजारी दोन्ही हात मांडीखाली घेऊन गप्प बसले होते.

बंड्यादादा, खडू पुढच्या डाव्या टायरवर पार कडेपर्यंत पुसला, उजव्यावर नाही. हवा सारखीच होती. असं का होतं?