नर आणि मादी एकाच वेळी कसे काय तयार झाले? या प्रॉबॅबिलिटीचं करायचं काय

मुग्धा_सातारा

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद चालू आहे आणि मला खरंच नीट उत्तर हवंय म्हणून इथे विचारतेय. आमचे भाऊजी इंजिनिअर, वाचणारा माणूस. त्यांचं म्हणणं असं की बाकी उत्क्रांती एकवेळ मान्य, चोच लांब झाली, रंग बदलला, ठीक आहे, पण नर-मादी हे गणितात बसतच नाही. समजा म्युटेशनने (जनुकातल्या अचानक बदलाने) एक नर झाला, चान्स धरा 10 लाखात एक. एकटा नर काय कामाचा? त्याच वेळी त्याच ठिकाणी त्याला जुळणारी मादी पण व्हायला हवी, तीही 10 लाखात एक. गुणाकार केला की एकावर बारा शून्यं, मग दोघांची गाठ पडायला हवी, अवयव जुळायला हवेत, दोघांकडून निम्मी निम्मी गुणसूत्रं यायला हवीत, म्हणजे दर पायरीला आणखी शून्यं. आणि शेवटी हुकमाचं पान काय तर नारळीकरांचे गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल, त्यांनीच एकावर चाळीस हजार शून्यं असा आकडा काढलाय म्हणे.

देव आहे की नाही हा वाद मला नकोय, मी स्वतः वारीला जाते आणि माझं काही अडत नाही. फक्त हा गुणाकार कुठेतरी खटकतोय आणि बोट ठेवता येत नाहीये. कुणी सांगाल का?

आकडेमोड

मुग्धाताई, तुमची शंका बरोबर आहे, गुणाकारातच घोळ आहे. प्रॉबॅबिलिटी सरळ गुणायची तर दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात आणि दोन्ही एकाच झटक्यात व्हायची अट हवी. भाऊजींनी ही अट परस्पर धरलीये, निसर्गाने घातलेली नाही.

दहा फासे घ्या. एका फेकीत दहाच्या दहा सहा पडायचा चान्स साधारण 6 कोटींत एक. आता असं करा, सहा पडलेला फासा बाजूला ठेवायचा आणि उरलेलेच परत टाकायचे. सरासरी सोळा-सतरा फेकींत काम होतं. फासे तेच, नशीब तेच, फरक एवढाच की मिळालेलं टिकवलं. नैसर्गिक निवड म्हणजे हे टिकवणं, आणि तिथे तर दहाही सहाच पाहिजेत असं आधी कुणी ठरवलेलंसुद्धा नसतं.

दुसरं, 10 लाखात एक हे ऐकायला भयंकर वाटतं कारण आपण एका जीवाचा विचार करतो. लेन्स्की नावाच्या शास्त्रज्ञांचा ई. कोलाय या बॅक्टेरियावरचा प्रयोग बघा, 1988 पासून चालू आहे, बारा फ्लास्क, प्रत्येकात फक्त 10 मिली द्रावण, आणि त्या एकेका फ्लास्कमध्ये रोज 50 कोटींच्या आसपास बॅक्टेरिया होतात. म्हणजे 10 लाखात एकदा घडणारी गोष्ट तिथे दिवसाला शेकड्यांनी घडणार. आणि खरोखर दुर्मिळ गोष्टही घडली, 31 हजारांहून जास्त पिढ्यांनंतर बारापैकी एकाच फ्लास्कमधले जंतू ऑक्सिजन असतानाही सायट्रेट (द्रावणातलंच एक रसायन, जे ते एरवी असं खाऊ शकत नाहीत) खायला लागले. मग लेन्स्कींच्या गटाने फ्रीझरमधले जुने नमुने काढून परत वाढवून पाहिलं, तर अगदी सुरुवातीच्या पिढ्यांतून ते काही जमलं नाही, नंतरच्या पिढ्यांतून मात्र पुन्हा जमलं. म्हणजे आधीच्या बदलांनी पुढच्या बदलाचा चान्स वाढवला होता. हे जिथे होतं तिथे सरळ गुणाकार करून चालत नाही.

हॉइल नारळीकरांचे केंब्रिजमधले गाइड हे खरं, पण त्यांचा तो आकडा नर-मादीबद्दल नाहीच. पहिला जीव कसा आला हा प्रश्न होता, 2000 एन्झाइम (पेशीतली रासायनिक कामं करणारी प्रोटीन्स), प्रत्येकाचा चान्स एकावर वीस शून्यांत एक, आणि सगळी एकदम जुळायला हवीत असं धरून तो काढलाय. त्यावरून ते जीव अवकाशातून आला इकडे वळले. हॉइल फार मोठा माणूस, ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी बनतात हे त्यांचं काम अजोड आहे, पण या आकड्यात "सगळी एकदम" ही अट त्यांनीही घातलीच.

शेवाळवाले_सर

गणित झालं, आता जीव बघू, कारण भाऊजींच्या कथेत पहिल्याच वाक्याला गाडी चुकलीये. आधी नर झाला, मग मादी झाली आणि मग प्रजनन सुरू झालं असं नाहीये. लैंगिक प्रजनन आधी आलं. नर आणि मादी हा भेद त्यानंतर आला.

मी बॉटनी शिकवतो त्यामुळे क्लॅमिडोमोनासचंच सांगतो. एका पेशीचं हिरवं शेवाळ, पुढे दोन शेपट्या, डबक्यात मजेत पोहतं आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत राहतं. पाण्यातला नायट्रोजन संपला की वागणं पालटतं. पेशी युग्मक (मिसळून नवा जीव करणाऱ्या प्रजनन पेशी) बनतात, शेपट्यांनी एकमेकींना चिकटतात, मायक्रोस्कोपखाली आधी नुसते गुच्छ दिसतात, मग जोड्या, मग दोन पेशी मिसळून चार शेपट्यांची एकच पेशी पोहताना दिसते. थोड्या वेळाने शेपट्या जातात, जाड कवच येतं, आणि वाईट दिवस सरले की त्यातून चार नव्या पेशी निघतात. यात नर कोण आणि मादी कोण? कुणीच नाही! प्लस आणि मायनस असे दोन प्रकार आहेत, दिसायला हुबेहूब सारखे, आकार एक, शेपट्या तेवढ्याच. कुठला अवयव कुठे जुळायला हवा होता?

यीस्टचंही तेच, दोन प्रकार, दोन्ही सारखे. आणि दोनच असावेत असंही नाही. वाळक्या लाकडावर पांढरी पंख्यासारखी बुरशी येते, शिझोफायलम नावाची, तिच्यात 23 हजारांहून जास्त प्रकार आहेत आणि जवळजवळ कुणाचंही कुणाशी जमतं.

मग नर-मादी आले कुठून? क्लॅमिडोमोनासच्या नात्यातलीच शेवाळं ओळीने बघा. गोनियममध्ये पेशींची छोटी वसाहत पण युग्मक अजून सारखेच, युडोरिनात एक लहान एक मोठा, आणि व्हॉल्व्हॉक्समध्ये थेट स्थिर मोठं अंडं आणि पोहणारे बारके शुक्राणू. पार्कर नावाच्या जीवशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 1972 साली याचं गणित मांडलं. लहान युग्मक पुष्कळ करता येतात, मोठ्यात शिदोरी भरपूर राहते, आणि अधलेमधले दोन्हीकडून मार खातात. दोन टोकं हळूहळू लांब गेली, त्यातल्या एकाला आपण नर म्हणतो, एकाला मादी. दोघं कायम एकाच वस्तीत होते, एकमेकांना शोधायला कुणी कुठून आलं नाही.

तर्ककठोर

सर, हे ऐकायला छान आहे पण ओळीत मांडलं म्हणजे तसंच घडलं असं होतं का? माझ्याकडे सायकल, मोटरसायकल आणि कार ओळीत उभ्या आहेत, म्हणून एकातून दुसरी जन्मली नाही. पुरावा लागतो.

शेवाळवाले_सर

रास्त प्रश्न. नुसती ओळ पुरावा नाही, मान्य. पण क्लॅमिडोमोनासमध्ये प्लस की मायनस हे ठरवणारं एक जनुक आहे, मिड नावाचं, ते असलं की मायनस. व्हॉल्व्हॉक्सच्या नरात त्याच जनुकाचा भाऊबंद सापडला. 2014 मध्ये तो मादी व्हॉल्व्हॉक्समध्ये चालू करून बघितला तर जिथे अंडी व्हायची तिथे शुक्राणूंचे गठ्ठे व्हायला लागले. म्हणजे नर-मादीची कळ ही जुन्या प्लस-मायनसचीच कळ आहे.

काळाचं म्हणाल तर कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या सॉमरसेट बेटावर बँजिओमॉर्फा नावाच्या लाल शेवाळाचे जीवाश्म मिळालेत, त्यात लैंगिक प्रजननाच्या पेशी ओळखू येतात, वय साधारण 105 कोटी वर्षं. तेव्हापासून आजपर्यंतच्या काळातला निम्म्याहून जास्त काळ हाडांचे प्राणी यायच्या आधीच गेला.

मुग्धा_सातारा

हे फार उपयोगी आहे, आभार. पण दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे गुणसूत्रं निम्मी करायची ती अर्धसूत्री विभाजनाची भानगड, ती तर एका पेशीलाही लागतेच ना? आणि दुसरं, एकाचे दोन होऊन सगळं छान चाललेलं असताना हे करायचंच कशाला?

शेवाळवाले_सर

पहिल्याचं सांगतो. त्या विभाजनाची हत्यारं नवीन घडवलेली नाहीत, घरातलीच आहेत. गुणसूत्रं जोडीने लावून अदलाबदल करणारी प्रोटीन्स ही बॅक्टेरिया तुटलेला डीएनए सांधायला वापरतात त्याच घराण्यातली. डीएनए मुद्दाम कापणारं स्पो-11 हे आर्किया नावाच्या जंतूंमधल्या एका एन्झाइमचं नातलग. आणि दोन युग्मकांचं आवरण एक करणारं हॅप-2 प्रोटीन, त्याची रचना 2017 मध्ये बघितली तर डेंग्यूचा व्हायरस आपल्या पेशीत शिरताना जे वापरतो त्या जातीचं निघालं! मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. क्रम नेमका कसा लागला यावर अजून वाद आहेत, पण शून्यातून सगळं एकदम जमायला हवं होतं हे काही खरं नाही.

रावेरचा_केळीवाला

दुसऱ्या प्रश्नावर मी बोलतो, शेतातलं आहे. करडईवरचा मावा (रस शोषणारी बारकी कीड) भिंगाखाली बघा ताई. नर नाही, अंडी नाही, मादी सरळ जिवंत पिल्लं टाकते, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. आठवड्याभरात शेंडा काळा. नराचा खर्च नाही म्हणून एवढा वेग, सगळ्या पोरीच आणि सगळ्या विणाऱ्या. जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी हाच हिशोब मांडला होता की नर पाळणं म्हणजे दुप्पट महाग. तरी थंड देशातले बरेच मावे हिवाळ्याच्या तोंडावर नर काढतात आणि अंडी घालतात.

का, ते आमच्या केळीला विचारा. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच, बी धरत नाही, मुनव्यांवर (बुंध्याशी फुटणाऱ्या रोपांवर) नाहीतर टिश्यू कल्चरच्या रोपांवर लागवड. आमच्या पट्ट्यात मैलोन् मैल जी-नाईन ही एकच जात आहे, म्हणजे एकच झाड परत परत लावलेलं समजा. याआधी जगाच्या बाजारात ग्रॉस मिशेल जात होती, तिला जमिनीतल्या बुरशीचा पनामा मर रोग लागला आणि 1950-60 च्या सुमारास व्यापारी लागवड बसली. मग कॅव्हेंडिश आली, आमची जी-नाईन त्यातलीच, आता तिलाही मारणारी त्या बुरशीची टीआर-4 जात आली आहे आणि बिहार-यूपीत पोचली आहे. बुरशी बदलत राहते, केळीला बदलता येत नाही. बियांपासून होणारं पीक असतं तर हजारातलं एखादं झाड वेगळं निघून तगलं असतं. कुणाला हे पुस्तकातलं वाटत असेल, मला नाही वाटत, माझं कर्ज त्या बागेवर आहे.

आकडेमोड

केळीवाले दादा, एकदम बरोबर, आणि हे प्रयोगातही दिसलंय. 2016 मध्ये यीस्टवर बघितलं होतं, काही यीस्टना अधूनमधून मिसळू दिलं आणि काहींना नाही. मिसळणारे जास्त वेगाने सुधारले, कारण चांगलं म्युटेशन वाईटापासून सुटं करता आलं. न मिसळणाऱ्यांत चांगल्याबरोबर वाईटही चिकटून पुढे गेलं.

तर्ककठोर

मग ते बीडेलॉइड रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म प्राणी)? कोट्यवधी वर्षं नराशिवाय चाललंय म्हणतात, त्यांचं काही बिघडलं नाही. ही थिअरी तिथे का चालत नाही?

शेवाळवाले_सर

हा खरा अवघड प्रश्न आहे आणि त्यावर काम चालू आहे. नर आजपर्यंत कुणाला दिसलेला नाही हे खरं. पण हे जीव पूर्ण वाळतात आणि पाणी मिळालं की परत उठतात, त्यात त्यांचा डीएनए तुटतो आणि परत सांधला जातो, आणि त्यांच्यात बुरशी-बॅक्टेरियाकडून आलेली जनुकं बरीच सापडलीत, एका जातीत सुमारे 8 टक्के. मिसळ बहुतेक दुसऱ्या वाटेने होते असं काहींचं मत आहे, सगळ्यांना पटलेलं नाही. पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यावर शेवाळ येतं ते पाण्यात पिळून मायक्रोस्कोपखाली धरा, तोंडाशी दोन चक्रं फिरताना दिसतील, तेच हे.

मुग्धाताई, भाऊजींना एवढंच विचारा की तुम्ही जी 10 लाखात एक घटना धरलीये ती नेमकी कुठल्या जीवात आणि कुठला बदल. नाव सांगितलं तर आपण इथे बसून हिशोब करू.