मदत हवी आहे: सहायक कोच गेल्याने खरंच फरक पडतो का?

मंडळी, इंग्लिश फुटबॉलमध्ये मी जुना लिव्हरपूलवाला, भाचा मँचेस्टर सिटीचा. २०२५ च्या उन्हाळ्यात आमचा जुना मुख्य कोच क्लॉप, त्याचा एकेकाळचा उजवा हात पेप लाइंडर्स सिटीच्या कोचकडे, ग्वार्डिओलाकडे, सहायक म्हणून गेला, तेव्हापासून पोरगं छळतंय, "मामा, तुमची अक्कल आता आमच्याकडे!"

त्याच उन्हाळ्यात आमचा सहायक कोच हायटिंगा डच क्लब आयाक्सचा मुख्य कोच झाला आणि आमच्याकडे सहायक म्हणून जिओव्हानी व्हॅन ब्रोंकहॉर्स्ट आला. मी म्हटलं, सहायकच तर आहे. २०१८ मध्ये क्लॉपचा सहायक बुव्हाच गेला होता, ज्याला क्लॉप 'ब्रेन' म्हणायचा. आता संपलं सगळं म्हणून आम्ही रडलो, आणि २०१९ ला चॅम्पियन्स लीग घरी आली. पण क्लॉपनंतर आलेल्या स्लॉटने पहिल्याच सीझनला प्रीमियर लीग मारली तेव्हा बाकावर हायटिंगा होता, हेही डोक्यातून जात नाही.

कुणी कोचिंग केलेलं असेल तर सांगा, सहायक आठवडाभर नेमकं करतो काय? सराव घेतो, व्हिडिओ बघतो, की रुसलेल्या खेळाडूंची समजूत काढतो? आणि मॅच बघताना ते ओळखायचं कसं? कॅमेरा तर सारखा मुख्य कोचच्याच तोंडावर.

भाऊबीजेला ताईकडे जायचंय. त्याआधी उत्तर मिळालं तर बरं.