'स्मार्ट शासना'ची व्याख्या पाहिजे, आणि गोल शिक्काही

मानेवाड्याची_आई
मुलगी बीएला आहे, विषय लोकप्रशासन. प्रोजेक्ट मिळाला 'स्मार्ट शासन म्हणजे काय?' पुस्तकातून तिनं उतरवून काढलं: साधं, नैतिक, उत्तरदायी, प्रतिसाद देणारं, पारदर्शक. इंग्रजीतल्या या पाच शब्दांची पहिली अक्षरं जोडली की स्मार्ट. ठीक. त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीसाठी तिचा उत्पन्नाचा दाखला काढला. घरूनच 'आपले सरकार'वर अर्ज, नवव्या दिवशी डिजिटल सहीचा दाखला मोबाइलवर. मी खूश! कॉलेजच्या खिडकीवरचा बाबू म्हणतो, "गोल शिक्का कुठाय?" सेतूत गेलो तर ते म्हणतात, आता शिक्का मारतच नाही. नागपूरच्या उन्हात स्कूटीवर दोन चकरा. पोरगी विचारून राहिली, आई, यात स्मार्ट कोण? काय लिहू सांगा.

निवृत्त_अव्वल_कारकून
ताई, महसूलमध्ये तीस वर्षं टेबल सांभाळलं. कॉम्प्युटर नंतर आला. 1980च्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. त्यांनी नुसती कागदांची वर्गवारी करायला लावली, नको ते रेकॉर्ड नष्ट केलं, टेबलांची मांडणी बदलली. 'लखिना पॅटर्न' म्हणतात तो हाच. आम्हीही पुढे सहा गठ्ठे लावायला शिकलो: प्रलंबित वेगळं, अभिलेख कक्षात जाणारं वेगळं, नाश करायचं वेगळं. पहिले दोन महिने शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू. पण फाइल हाताशी सापडायला लागली तशी "उद्या या" म्हणायची सोय गेली. (काहींना त्याचंच दुःख झालं.)

पोरीला लिहायला सांगा: सरकारकडे जे आधीच आहे ते लोकांकडून परत मागत नाही, ते स्मार्ट. पसाऱ्याचं स्कॅनिंग केलं तर पसाराच स्क्रीनवर येतो.

शिक्क्याचं म्हणाल तर डिजिटल सहीला 2000च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं मान्यता आहे. आणि दाखला मुदतीत मिळाला नसता तर 2015च्या लोकसेवा हक्क कायद्यात अपील आहे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडही आहे. तुमचा मुदतीत आला. अडला तो कॉलेजात, तिथे हा दंड कामाचा नाही.

सेतूवाला
भाऊ, आमचंबी ऐका. ॲडमिशनच्या दिवसांत सर्व्हर झोपते अन् लोकं आमच्यावर चिडून राहिले. आधारला जोडलेला नंबर बंद, ओटीपी कुठून येईन? म्हाताऱ्यांचे अंगठे उमटत नाही. तलाठ्याचा कागद आला नाही तर स्क्रीनवर नुसतं 'प्रलंबित'. ताई, तुमच्या दाखल्यावर बारकोड आहे ना, त्याचा नंबर पोर्टलवर टाकला की खरा-खोटा कळते. बाबूला म्हणा, समोरच कॉम्प्युटर आहे, टाका.

एमए_भाग_दोन
काकांची व्याख्या एस्टोनियात कायद्यातच आहे. नागरिकानं एका खात्याला दिलेली माहिती दुसऱ्यानं त्याच्याकडून पुन्हा मागायची नाही. खात्यांचे डेटाबेस 2001 पासून 'एक्स-रोड'नं जोडलेत. फक्त प्रोजेक्टमध्ये सरळ तुलना करू नका. तो अख्खा देश साधारण 13 लाखांचा, आणि एकट्या नागपूर शहरात 2011च्या जनगणनेतच 24 लाख माणसं होती.

मानेवाड्याची_आई
आज गेलो होतो. बाबूनं नंबर टाकला, स्क्रीनवर पोरीचं नाव आलं. "बरोबर आहे," म्हणाला. मग म्हणाला, फाइलला लावायला प्रिंट द्या. बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली. त्यानं ड्रॉवर उघडला आणि त्या प्रिंटवर कॉलेजचाच गोल शिक्का मारला.