अनुभव धागा: सीरियलचे छोटे मफिन (फसलेले आधी सांगा)

उशीची_खोळ
आज माळा आवरताना २४ खळग्यांचा तो ट्रे सापडला. कोपऱ्यातल्या एका खळग्याचं कोटिंग सुरीने खरवडून निघालंय, तो माझाच पराक्रम. ट्रे मांडीवर घेऊन स्टुलावरच बसून राहिले थोडा वेळ.

बाबांचं ऑपरेशन झालं त्या वर्षी घेतलेला. प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे असं आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं आणि बाबांना तर भरलेलं ताट दिसलं तरी मळमळायचं. त्याच सुमारास मी वजन उतरवायच्या मागे लागलेले. ब्रॅन फ्लेक्सचा (गव्हाच्या कोंड्याचं सीरियल) भलामोठा खोका आणून ठेवला होता. खाणारी मी एकटी, आणि खरं सांगायचं तर मलाही ते भिजलेले पुठ्ठे नको झाले होते. खोक्याच्या तळाशी राहिलेल्या चुऱ्याचे पहिले मफिन केले, केवळ टाकवेना म्हणून.

बाबांनी एक उचलला. "एवढासाच तर आहे" म्हणाले आणि खाल्ला. मग पेपर वाचता वाचता दुसरा. वाटीत दही दिलं की तोंड फिरवणारा माणूस, त्याच्या पोटात तेच दही असं गपचूप गेलं. त्यांना कॅलरी कमी करून चालणार नव्हतं, म्हणून त्यांच्या वाटच्या मफिनांना मधोमध चीर पाडून आत लोणी भरायचे. माझे कोरडे. एकच घाणा, दोन पथ्यं.

विचारणार आहातच म्हणून प्रमाण: ब्रॅन फ्लेक्स ९० ग्रॅम, बिनसायीच्या दुधाचं पाणी निथळलेलं घट्ट दही २०० ग्रॅम, पूर्ण पिकलेलं एक केळं, एक अख्खं अंडं आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग, व्हे पावडरचा (दुधाच्या निवळीतलं प्रोटीन) एक स्कूप (माझा ३० ग्रॅमचा), दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा. फ्लेक्स चुरून दह्या-केळ्यात दहा मिनिटं भिजवायचे, ही पायरी चुकवायची नाही. मग बाकीचं. १८० अंशावर ११-१२ मिनिटं. एकेक साधारण ३० कॅलरी आणि पावणेतीन ग्रॅम प्रोटीन.

आता तुमचे लिहा. फसलेले आधी.

खटपट्या
फसलेले आधी म्हटल्यावर माझा नंबर पहिला.
एका स्कूपने प्रोटीन मिळतं तर चार स्कूपने चौपट मिळेल, हा माझा हिशोब. त्यात पीठ शून्य, केळं शून्य. ओव्हनमधून बाहेर आले तेव्हा असे देखणे की फोटो काढून सगळ्यांना पाठवला. गार झाल्यावर मुलाने एक फरशीवर आपटला. परत हातात आला त्याच्या.

चष्मा_कुठाय
😂😂 आमच्याकडे त्याला खोडरबर म्हणतात. मी तर मगमध्ये घालून मायक्रोवेव्हला केला होता. चमचा आत उभा राहिला आणि मग बाहेर येईना

पावशेर
खटपट्या, ते तसंच होणार होतं. व्हे तापलं की आवळून बसतं आणि धरलेलं पाणी सोडून देतं. म्हणून खाताना कोरडं आणि चिवट लागतं. कोरड्या जिनसांच्या एक तृतीयांशाच्या वर व्हे जाऊ देऊ नका, आणि सोबत ओलावा धरणारं काहीतरी हवंच: दही, केळं, शिजवून कुस्करलेलं सफरचंद. केसीन (दुधातलंच दुसरं प्रोटीन) वापरून बघा, ते पाणी जास्त पितं पण मफिन मऊ राहतो. मात्र मिश्रण दहा मिनिटांत लापशीसारखं घट्ट होतं, घाबरून जाऊ नका, थोडं दूध घाला.

आणि पूर्ण भाजायची वाट बघू नका. मध्ये किंचित ओलसर असतानाच काढा, गरम ट्रेमध्ये पुढचं होऊन जातं. छोट्या मफिनला दोन मिनिटं म्हणजे पुष्कळ.

निवांत_बुधवार
भाजल्यावर प्रोटीन मरतं म्हणे?? जिममधला एक जण शपथेवर सांगत होता

पावशेर
काही मरत नाही हो. त्याची घडी उलगडते इतकंच. उकडलेल्या अंड्याचं तेच होतं आणि कच्च्यापेक्षा शिजलेलं अंडं अंगी जास्त लागतं.

टिचकी
माझा किस्सा हिरवा आहे.
वरून सूर्यफुलाच्या बिया घातल्या, थोड्या आतही. संध्याकाळी छान होते. सकाळी डबा उघडला तर बियांभोवती हिरवं! मला वाटलं एका रात्रीत बुरशी. चोवीसच्या चोवीस कचऱ्यात, डबा उकळत्या पाण्यात, आणि नवऱ्याला फोन करून "कालचे किती खाल्लेस, खरं सांग". तो बिचारा दिवसभर स्वतःची नाडी बघत बसला.
नंतर कळलं की त्या बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल आणि सोडा एकत्र आले की हिरवा रंग धरतो. खायला काही होत नाही. सोडा कमी घालायचा किंवा दही वाढवायचं. ब्लूबेरीचंही असंच होतं, सोडा जास्त झाला की निळं-हिरवं लफडं.

चष्मा_कुठाय
स्वतःची नाडी 😂 नवरा कसा आहे आता?

टिचकी
ठणठणीत. अजून ऐकवतो.

गणिताचा_तास
उशीची_खोळ, हिशोब तपासला. पूर्ण घाण्याच्या साधारण ७३० कॅलरी, ६७ ग्रॅम प्रोटीन. भागिले २४. बरोबर आहे. दोन मफिन म्हणजे जवळजवळ एका अंड्याइतकं प्रोटीन.

पण तुमच्यापैकी दोन खाऊन थांबणारे किती? मी पहिल्या दिवशी उभ्या उभ्या नऊ खाल्ले. ते २७० होतात. छोटे आहेत म्हणून मोजले जात नाहीत, तीच गोम आहे.

आणखी एक, खोक्याच्या दर्शनी बाजूला प्रोटीनचा मोठा आकडा छापलेला असतो, त्याच्या खाली बारीक अक्षरात "दुधासह" असतं कित्येकदा. दुधाचं प्रोटीन स्वतःच्या नावावर! मागच्या बाजूचा शंभर ग्रॅमचा रकाना तेवढा वाचायचा. युरोपीय संघाच्या नियमात प्रोटीनमधून किमान २० टक्के ऊर्जा मिळाली तरच "हाय प्रोटीन" लिहिता येतं. आपल्या मफिनमध्ये ती जवळजवळ ३७ टक्के आहे, म्हणजे पास. "लो कॅलरी"ला मात्र घन पदार्थात शंभर ग्रॅमला ४० कॅलरीच चालतात. तिथे आपण सपशेल नापास, तिपटीच्याही वर.

उशीची_खोळ
नापास तर नापास. बाबा म्हणायचे, पेपर कोण तपासतंय ते बघ आधी.

निवांत_बुधवार
कागदी कप घालू नका कोणी! तेल नसलेलं मिश्रण कागदाला असं चिकटतं की अर्धा मफिन कागदावरच. पाहुण्यांसमोर सासूबाईंनी न बोलता कागदासकट चावून खाल्ला, सूनबाईची लाज राखायला. अजून आठवलं की हसू येतं आणि डोळेही भरतात. तेव्हापासून सिलिकॉनचे साचे. ते धातूच्या ट्रेवर ठेवून मगच आत सरकवा, नाहीतर उचलताना लवतात आणि मिश्रण ओव्हनच्या दारावर.
बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

अर्धवट
भिजवायच्या पायरीवरून आठवलं. थंड खायचं पहिलं सीरियल १८६३ मध्ये निघालं, अमेरिकेत, जेम्स कॅलेब जॅक्सन नावाच्या गृहस्थांनी काढलं. नाव ग्रॅन्युला. इतकं दगडासारखं की रात्रभर भिजवल्याशिवाय दात लागत नसे. मग १८९४ मध्ये बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात केलॉग बंधूंकडे शिजवलेला गहू शिळा राहिला, तो तसाच लाटला तर त्याचे पापुद्रे निघाले. पुढे धाकट्याला त्यात साखर घालायची होती, थोरल्याला नको होती. भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या, सगळं झालं.
सांगायचा मुद्दा काय होता विसरलो. हां, साखर. तो वाद आमच्या घरी अजून चालू आहे.

मोकळा_तास
साखरेवरून. धागा जेवताना वाचत असाल तर हा प्रतिसाद वगळा.
ऑफिसच्या पार्टीसाठी "बिनसाखरेचे" मफिन नेले, माल्टिटॉल घालून. जास्त झालं की पोट बिघडतं असा पाकिटावर इशारा होता, कोण वाचतं. साडेतीनच्या मीटिंगमध्ये एकेक करून सगळे उठले. साहेबही. मी स्वतः न खाल्ल्यामुळे शेवटपर्यंत बसलो होतो आणि संशयाला तेवढंच पुरलं.

खटपट्या
😂😂😂 बढती मिळाली का

मोकळा_तास
बदली.

पावशेर
हसू आलं, पण गोडव्याचं एक गंभीर सांगते. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल आणूच नका. आपल्याला चालतं, कुत्र्याला थोडंसंही विषारी. आणि एरिथ्रिटॉलला कॅलरी जवळपास नाहीत, पण जिभेला गारवा लागतो, मिंट खाल्ल्यासारखा. ॲस्पार्टेम ओव्हनमध्ये गोडवा गमावतं. माझं मत विचाराल तर काळं पडत आलेलं केळं घाला आणि सोडून द्या.

गणिताचा_तास
लोह वाढवलेलं सीरियल असेल तर चुरून पाण्यात कालवा आणि पिशवीबाहेरून चांगला दणकट लोहचुंबक फिरवा. करडी पूड गोळा होते. ते लोहच, खाण्यात घालतात तेच. मुलांना दाखवलं, तेव्हापासून धाकटी मफिन फ्रिजच्या दाराला चिकटवून बघते.

चष्मा_कुठाय
चिकटतो का?

गणिताचा_तास
खटपट्याचा चिकटला असता.

वाचनमात्र
चार वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहिते आहे. आई शेवटच्या दिवसांत गरम काही खात नव्हती, वासाने त्रास व्हायचा. मी असेच छोटे करून फ्रीझरमध्ये ठेवायचे, अर्धवट गार असतानाच द्यायचे, तेव्हा वास येत नाही. रात्री दोनला मागायची कधीकधी. अर्धा खायची, अर्धा मला द्यायची. नंतर फ्रीझरमध्ये अकरा राहिले होते. ते काढायला मला फार दिवस लागले.
तुमचे बाबा खायला लागले पुढे?

उशीची_खोळ
@वाचनमात्र लिहिलंत, बरं केलंत. अकरा आकडा लक्षात राहतोच, मला माहितीये.
हो, लागले. पुढची सहा वर्षं माझ्याशी भांडले. लोण्याच्या ऐवजी मी मध्ये एकदा दही भरलं होतं, ते शेवटपर्यंत काढत होते.

निवांत_बुधवार
@वाचनमात्र 🙏 लिहीत राहा.

आले परत. फ्रीझरवरून: पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर आत बर्फाचे कण आणि मग गच्च ओले. दोन-तीन महिने राहतात. मायक्रोवेव्हला वीस सेकंद, त्यावर गेलात की परत खोडरबर. आणि माळ्यावर स्टुलावर बसून आठवणी काढू नका हो, गेल्या वर्षी मी पडले होते, तीन आठवडे प्लास्टर.

टिचकी
कुठलं हाड?

निवांत_बुधवार
मनगट. उजवं. सासूबाईंनी भरवलं, मफिनच.

अर्धवट
कागदासकट?

उशीची_खोळ
खाली उतरले आहे, काळजी नसावी. ट्रे घासून आत्ता लावलासुद्धा. खरवडलेला खळगा चिकटतो, म्हणून त्यात थोडं पाणी घातलंय, तेवीसच होतील. व्हे घरात नव्हतं, पांढरा भाग एक वाढवला आणि दही जरा जास्त. चार मिनिटं राहिलीत.
खटपट्या, तुमच्या चार स्कूपवाल्यांपैकी एखादा उरलाय का? ओव्हनचं टेबल एका पायाने लंगडतंय.

खटपट्या
एक आहे. त्यावर सध्या आमचं कपाट उभं आहे.