३५. राजा जी३: दोन प्याद्यांची खरी किंमत

कापाब्लांका-तार्ताकोवर (न्यूयॉर्क, १९२४) या बुद्धिबळाच्या डावात पांढऱ्याने, म्हणजे कापाब्लांकाने, दोन प्यादी सोडणं हा जुगार होता, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. ३५ व्या चालीपासून पट मांडून बघा. पांढरा राजा जी३ वर (जी पट्टी, तिसरी ओळ) गेल्यावर काळा हत्ती सी३ चं प्यादं शह देत खातो, दोन चालींनी एफ४ चंही. पण दरम्यान राजा एच४, जी५ असा चढत जातो, प्यादं जी६ वर पोचतं आणि एच७ वरच्या पांढऱ्या हत्तीने काळ्या राजाला शेवटच्या ओळीत कोंडलेलंच असतं. काळ्याचा हत्ती एकटा पळतोय, पांढऱ्याचे तिघं मिळून लढताहेत!

मला सर्वांत आवडते ती ३९ वी चाल, राजा एफ६. शेजारचं एफ५ चं काळं प्यादं तो मुद्दाम खात नाही, कारण तेच एफ पट्टीतले शह अडवतं. शिवाय हत्ती एच८ वर मात आहेच. म्हणून काळा राजा जी८ वर, मग पांढऱ्या हत्तीचा जी७ वरून शह आणि सी७ चं प्यादं गट्टम. आता सी८ वरून मात टाळायला काळ्या हत्तीला ई८ वर परतावं लागतं. तो असा निष्क्रिय झाल्यावरच, ४२ व्या चालीला, राजा एफ५ खातो. हा क्रम नशिबाने जुळत नाही हो.

पुढे ४५ व्या चालीला काळ्या हत्तीने जी७ वरचं प्यादं खाऊन बघा. हत्तींची मारामारी होते आणि पांढरा राजा डी५ खाऊन, फक्त राजे-प्यादी उरलेला शेवट सहज जिंकतो.